कसरीनं खाल्लेली वेलांटी

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी छबुबाईनं पत्र्याची पेटी उघडली. पोथीचं लाल फडकं चिखलानं माखलं होतं आणि त्याची गाठ फुगून बसली होती. नखानं सुटेना म्हणून तिनं ती दातानं सोडली, फडकं बाजूला केलं आणि वरच्या पानावर बोट टेकवलं. बोट ओलं झालं, पण काळं झालं नाही. शाई काजळाची होती. सासऱ्याच्या आज्यानं कधीकाळी घोटून केलेली ती शाई सिंदफणेच्या पुरात अख्खी बुडाली तरी जागची हलली नव्हती.

"तुमचंच बरं हाय, बायांनो," ती अक्षरांना म्हणाली.

बाकीचं सगळं हललं होतं. बाजरीला कणसातच मोड आले होते. कपाशीची बोंडं काळी पडून झाडालाच सडली होती. दोन शेळ्या वाहून गेल्या, त्यातली एक गाभण होती. शिरूरच्या बाजारात भेटलेल्या ऊसतोडीच्या मुकादमानं तिच्या थोरल्या लेकाला, तानाजीला सांगूनही टाकलं होतं, की यंदा कारखाना लवकर लागणार, दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत ट्रॅक्टर वाडीत येईल. म्हणजे भांडी-कुंडी, कोयते, पाल, लेकरं बांधून तयार राहायचं.

तयार राहायला कुणाची ना नव्हती. वाडीतली तीस-पस्तीस घरं दरसाल जात होती. पण जायच्या आधीच्या मंगळवारी मारुतीच्या देवळात सगुणाईची पोथी ऐकायची, ही रीत होती. पोथी न ऐकता कुणी वेस ओलांडली, असं म्हाताऱ्यांच्यासुद्धा आठवणीत नव्हतं. जुन्या कुठल्याशा दुष्काळात सगुणाईचं सगळं गाव देशोधडीला लागलं. ती एकटी मागं राहिली आणि आपलं माणूस परत येईपर्यंत गेलेल्यांची वाट पाहत बसली, एवढीच ती कथा. नऊ अध्याय. कोण कुठल्या वाटेनं गेलं, कुणाची बैलं कुठं मेली, कोणत्या विहिरीला किती दिवस पाणी पुरलं, सगळं ओव्यांत लिहिलेलं. शेवटच्या अध्यायात सगुणाई सांगते:

गेलें जें उंबऱ्याबाहेरी । त्याची न मोडावी पथारी ।
दाव्यासी न विसंबावें दारीं । येतें परतोनि म्हणोनि ॥

ही ओवी आली की देवळात बसलेलं प्रत्येक घर आपापलं दावं दोन्ही हातांनी वर धरायचं, कपाळाला लावायचं. जायच्या दिवशी ते दावं दाराच्या कडीला बांधायचं, मग कुलूप. सहा महिन्यांनी येणाऱ्यानं स्वतःच्या हातानं ते सोडायचं आणि मगच उंबऱ्यात पाय टाकायचा. आता निम्म्या घरांत बैल उरले नव्हते. तरी बाया बाजारातून निळ्या नायलॉनची दोरी हातभर कापून आणायच्या, पण दावं चुकवायच्या नाहीत.

छबुबाईच्या दाराला मात्र दोन दावी असायची. एक दरसालचं, जाताना बांधायचं, आल्यावर सोडायचं. दुसरं अंबाडीचं, जुनं, काळवंडलेलं. ते नऊ वर्षांत कुणी सोडलं नव्हतं. ते धाकट्या लेकाचं, अंगदचं होतं.

आता पोथी अशी झाली. शिवाय ती वाचणाऱ्या धोंडीरामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. वाडीत मोडी येणारा तो शेवटचा माणूस. तो म्हणाला, "पाठ हाय मला निम्मी. निम्मी म्या मनानं सांगीन."

"तुमचं मन लई लांब जातंय, भाऊजी," छबुबाई म्हणाली. "मागल्या साली सगुणाईला तुमी मोटरीत बसवलतं."

सून सुनिता चुलीपुढून उठली, ओट्यावर गेली आणि भिंतीवरचा एक नंबर वाचून फोन लावू लागली. नंबर विटकरीच्या तुकड्यानं लिहिलेला होता, पुराचं पाणी त्याच्या खालीच थांबलं होतं. पाच वर्षांपूर्वी पाली गावचे पंडित सर मोटरसायकलवर आले होते. इतिहासाची मास्तरकी संपल्यावर जुन्या पोथ्या, गाणी, कहाण्या गोळा करायच्या आणि आजच्या पोरांना वाचता येतील अशी पुस्तकं करायची, हे वेड त्यांच्या डोक्यात शिरलेलं. छबुबाईचा नवरा सटवा तेव्हा जिवंत होता. "पोथी घराभाईर जात न्हाई. फोटूबी न्हाई," असं म्हणून त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. सर चहा प्याले, रागावले नाहीत, आणि जाताना भिंतीवर नंबर लिहून गेले. सारवताना छबुबाई तेवढी जागा सोडून सारवायची. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

सर दुसऱ्याच दिवशी आले. पोथी बघून त्यांचा चेहरा असा झाला, की छबुबाईला वाटलं, ह्या माणसाचंही काहीतरी पुरात गेलं असावं.

"उन्हात ठेवली नाहीत ना?"

"न्हाई."

"फार चांगलं केलंत, आक्का. सावलीत वाळवायची. दोन पानांत कोरा कागद घालायचा, आणि घाई अजिबात नाही."

घाई कशी नाही? मंगळवार आठ दिवसांवर आला होता. पण छबुबाईनं बाज ओसरीत ओढली, त्यावर धुतलेलं लुगडं अंथरलं, आणि काम सुरू झालं. सरांजवळ एक नाजूक चिमटा होता. त्यांनी श्वास रोखून पहिलं पान उचललं आणि त्याचा कोपरा फाटला. दुसऱ्याचाही फाटला.

"सरका सर," छबुबाई म्हणाली. "चिमट्यानं भाकर उचलतेत का कुनी?"

तिनं हात पाण्यात बुडवले, झटकले, आणि परातीतली थापलेली भाकर उचलावी तसा ओला तळहात पानाच्या कडेखाली हळूच सरकवत नेला. पान तिच्या हातावर अलगद आलं. चार बोटांवर झेलून तिनं ते कोऱ्या कागदावर निजवलं. सरांनी चिमटा खिशात घातला आणि पुन्हा काढला नाही.

मग तिघांची बैठक ठरून गेली. छबुबाई पान उचलायची. सर त्याचा फोटो काढायचे आणि मोडीतलं मोठ्यानं वाचायचे. सुनिता ते बाळबोध लिपीत वहीत उतरवायची. तानाजी तेवढ्यात चिखलातून वेचता येईल तेवढा कापूस वेचायला जायचा आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत काळा होऊन यायचा. सुनिता दहावीला पहिल्या नंबरानं पास झाली होती, आणि निकालानंतर महिन्याभरात तिचं लग्न झालं. दहा वर्षांत तिच्या हातात पेन आलं ते फक्त मुकादमाच्या कागदावर सही करायला. पहिल्या दिवशी तिनं 'पानी' लिहिलं. सर म्हणाले, "पाणी. बाणातला ण." तिनं घाईनं पदरानं वही झाकली. कान लाल झाले.

"लपवू नका, सुनिताबाई. चूक झाली तर एक रेघ मारायची आणि पुढं जायचं. ह्या पोथीतसुद्धा रेघा आहेत, बघा."

होत्या खऱ्या. सुनितानं रेघ मारली. चौथ्या दिवशी तिचं अक्षर असं वळणदार झालं, की सर वाचता वाचता वहीकडंच बघत राहायचे. छबुबाईला वाटलं, हे आठ दिवस संपूच नयेत. पोथी नऊच अध्यायांची का, चांगली चाळीसची का नाही? आयुष्यभर ऐकलेली सगुणाई तिला आता पहिल्यांदा पानापानानं हातावर घ्यायला मिळत होती. सगुणाई वाट बघत होती आणि छबुबाईही बघत होती. दोघींत फरक एवढाच, की सगुणाईचं माणूस परत आलेलं होतं.

शनिवारी दुपारी नववा अध्याय आला. ती ओवी आली. छबुबाईनं पान हातावर धरलेलं होतं, आणि ओवी तिला पाठ होती म्हणून ती सरांच्या आधीच पुटपुटली.

सर थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक पानाजवळ नेलं. मग मोबाईल काढून कसलासा फोटो मोठा करून बघितला. परत पान. परत फोटो. आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"आक्का, हे दावं नाहीच. दिवा आहे!"

"काय?"

"तेलगावला एका घरात ह्याच पोथीची दुसरी प्रत मिळाली मला. हे बघा, तिथं स्वच्छ लिहिलंय. दिव्यासी न विसंबावें दारीं. गेलेल्या माणसासाठी दारातल्या दिव्याला अंतर देऊ नये, असं ती सांगते. मोडीत वेलांटी एकच असते, काना काढून वरून वळवलेली. तुमच्या पानावर नेमकं ते वरचं वळण कसरीनं खाल्लंय. बघा, भोक. वळण गेलं, खाली काना राहिला. दि-चं झालं दा." सर शाळकरी पोरासारखे हसत होते. "एका किड्यानं वेलांटी खाल्ली आणि अख्ख्या वाडीनं दावी बांधली! शंभर वर्षांची चूक म्हणायची ही."

सुनिता हसली नाही. तिचं पेन 'दा'वरच थांबलं होतं.

छबुबाईनं हातातलं पान नीट निजवलं, वर कोरा कागद ठेवला. मग ती उठून दारापाशी गेली आणि कडीला बांधलेल्या जुन्या दाव्यावर हात ठेवून उभी राहिली.

ते दावं देवळ्या बैलाचं होतं. नऊ वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या फडावर, पाटाच्या कडेनं गाडी नेताना अंगदला डुलकी लागली. पहाटे तीनपासून तोड चालू होती, पोरगं एकोणीस वर्षांचं. बैल पाटात घसरला आणि त्याचा पाय मोडला. सटवानं बैलाच्या गळ्यातलं दावं काढलं आणि अंगदला धू धू धुतलं. चाळीस माणसांच्या टोळीपुढं, बायांपुढं, मुकादमापुढं. पाठीवर, मानेवर, तोंडावर. पोरगं एकदासुद्धा "आई गं" म्हणालं नाही. बाप दमल्यावर त्यानं आपला कोयता बापाच्या पायाशी ठेवला आणि पाटाच्या कडेकडेनं निघून गेलं. छबुबाईला वाटलं, रात्रीपर्यंत येईल. तिनं त्याची भाकरी झाकून ठेवली होती.

हंगाम संपून वाडीत आल्यावर सटवानं तेच दावं स्वतःच्या हातानं दाराला बांधलं. दुसरं दावं नव्हतं असं नाही. ज्या दाव्यानं पोराला मारलं ते पोरानंच येऊन सोडावं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. तीन वर्षांपूर्वी मरताना त्याची बाज दाराकडं तोंड करून ठेवायला लागली होती.

आणि आता सर म्हणतात, दिवा.

छबुबाई ओटा उतरून शेजारच्या बायनाबाईकडं गेली. बायनाबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी. फडावर जायचं वय सरलं म्हणून सहा महिने ओस वाडीत ती एकटी कुत्र्यांना भाकरी घालत राहायची.

"बायनाआक्का, त्या साली माघात तुमी काय बघितलंतं, परत सांगा."

"कशाला? तवा कुनी खरं मानलं न्हाई. सटवानं मला आंधळी म्हनलं."

"म्या मानते. सांगा."

बायनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "दिवस मावळायच्या टायमाला उंच पोरगं आलतं. पाठीला पिशवी. तुज्या दाराशी गेलं. दाव्याला हात लावला, आन इस्तू लागल्यावानी मागं घेतला. लई येळ हुबं ऱ्हायलं. म्या म्हनलं, कोन हाय रं? तर वळून बघितलं न्हाई. गेलं."

छबुबाई तिथंच मातीत बसली. चार वर्षांपूर्वी तिनं हे ऐकलं तेव्हा मनाला बजावलं होतं, की म्हातारीला दिसत नाही, दुसरंच कुणी असेल. कारण तिचा पोरगा असता तर त्यानं दावं सोडलं असतं. आता तिला कळलं, की दावं होतं म्हणूनच तो गेला. ज्यानं अंगावर वळ उठवले तेच आईनं दाराला बांधून ठेवलेलं. त्यानं हात कसा घालावा त्याला? पोथीनं दिवा लाव म्हणून सांगितलं होतं आणि तिनं नऊ वर्षं पोराला चाबूक दाखवला. तिला रडू आलं ते मोठ्यानं आलं आणि बायनाबाईनं तिला रडू दिलं.

संध्याकाळी तानाजी चिखलाचे पाय धुवत होता तेव्हा ती म्हणाली, "यंदा म्या येत न्हाई फडावर."

"कावून?"

"दारात दिवा लावायला कुनी पायजे."

तानाजीनं तांब्या खाली ठेवला. सुनितानं त्याला दुपारचं सांगितलं असावं, कारण त्यानं कशाचा दिवा ते विचारलं नाही. "आन संस्कृतीला कोन बघंल? पाच वर्साची पोर. आमी दोघं फडात वाकलेलं. गेल साली ट्रॅक्टरच्या चाकाम्होरं गेलती, तूच वढलीस तिला."

"म्हाईत हाय मला."

"नऊ साल झाली, आई. यायचा आसता तर आला आसता."

"आलता त्यो."

"बायनीच्या डोळ्यांनी?" तो ओरडला, आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. "तू रोज दाराकडं बघतीस. जेवतानी दाराकडं, कापूस येचतानी रस्त्याकडं. म्या म्होरं बसलेला आसतो. म्या दिसत न्हाई का तुला?"

तानाजी ओल्या पायांनीच ओट्यावर बसला.

"त्या दिशी म्या हुतो की तिथं," तो म्हणाला. "चोवीस वर्साचा घोडा. बापाचा हात धरला आसता तर धरता आला आसता. न्हाई धरला. हुबं राहून बघितलं."

हे तो नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलला होता. छबुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ उन्हानं तापलेली, खरबरीत. मग आतून संस्कृती "आज्जी, भूक" म्हणत आली आणि ती भाकरी टाकायला उठली. भाकऱ्या होईपर्यंत तिला कळून चुकलं, की आपल्याला जावंच लागणार.

मंगळवारी देवळात दाटी झाली. वाचणार कोण, ह्यावर सकाळी थोडी कुरबुर झाली होती. पंडित सरांनी वाचावं असं बंकट म्हणाला. "परगावच्या आवाजात सगुणाई न्हाई आयकायची," असं म्हणून धोंडीरामनंच ते मोडून काढलं. मग उरली सुनिता. बाईमाणसानं पोथी वाचल्याचं आधी कुणाला आठवत नव्हतं. पण दुसरा इलाज काय होता? ती डोक्यावर पदर घेऊन, वही मांडीवर घेऊन बसली आणि धोंडीराम तिच्या शेजारी आंधळ्या डोळ्यांनी छताकडं बघत ओठ हलवत बसला. छबुबाई समोर, खांबाला टेकून. तिच्या मांडीवर दावं नव्हतं.

पहिल्या अध्यायात सुनिताचा आवाज कापला. दुसऱ्यात सुधारला. पाचव्या अध्यायात विहिरी आटल्या तेव्हा बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. आजवर धोंडीराम वाचायचा तेव्हा त्याच्या हेलात निम्मे शब्द बुडायचे. आज एकेक शब्द सुटा, धुतल्यासारखा ऐकू येत होता. बाहेर ऊन कलायला लागलं. आठवा अध्याय संपला. माणसं सावरून बसली, मांडीवरची दावी हातात आली. अंबाडीची, सुती, बरीचशी निळ्या नायलॉनची.

सुनितानं वाचलं, "गेलें जें उंबऱ्याबाहेरी, त्याची न मोडावी पथारी..."

आणि ती थांबली.

वहीत 'दिव्यासी' लिहिलेलं होतं. शनिवारी 'दा'वर रेघ मारून सरांनी तिच्याकडून ते लिहून घेतलं होतं, आणि लिहिलंय तसंच वाचीन, असं तेव्हा सुनितानं स्वतःच सांगितलं होतं. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं. दाराजवळ सर मोबाईल धरून उभे होते. पुढं पस्तीस घरांचे हात अर्धे वर आलेले.

छबुबाईनं त्या हातांकडं पाहिलं. मनिषा होती, जिची दोन लेकरं शाळेसाठी मामाच्या गावी राहणार होती. बंकट होता, जो अंथरुणातल्या आईला बहिणीकडं सोडून आला होता. दिवा म्हटलं तर ह्यांनी काय करायचं? परवा सगळे कुलपं घालणार. कुलपाच्या बाहेर सहा महिने दिवा कोण जागता ठेवणार? हे हात असेच खाली येतील आणि माणसं रिकाम्या मनानं ट्रॅक्टरमध्ये चढतील. खरं काय ते तिला माहीत होतं.

"दाव्यासी," ती मोठ्यानं म्हणाली. "म्हन सुने. दाव्यासी न विसंबावें दारीं."

"दाव्यासी न विसंबावें दारीं," सुनितानं म्हटलं, "येतें परतोनि म्हणोनि."

देवळातली सगळी दावी वर गेली. छबुबाईनं रिकामे हात जोडले.

पारावर गूळ-खोबरं वाटताना सर तिच्याजवळ आले. त्यांचा तो हसरा उत्साह उतरला होता. सुनितानं त्यांना अंगदचं सांगितलं असावं.

"आक्का, मी त्या दिवशी हसलो. माझं चुकलं."

"तुमी काय कराल. तुमाला म्हाईत न्हवतं."

"पुस्तकात काय छापू? तुम्ही सांगाल ते छापीन."

छबुबाईनं खोबऱ्याचा तुकडा संस्कृतीच्या हातात दिला. "तुमच्या तेलगावच्या पोथीत काय हाय ते छापा. आन त्याच्या खाली आमचं बी छापा. चूक म्हनून नगा छापू तेवढं. घरी ऱ्हानाऱ्यानं लिवलं, त्यानं दिवा लिवला. आमी कुलूप घालून जानारी मानसं. आमाला किड्यानं दावं दिलं, ते आमाला पुरलं."

सरांनी वही काढली आणि म्हणाले, "परत एकदा सांगता?"

"एकदा सांगितलं की," ती म्हणाली आणि घराकडं निघाली.

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टर आला. छबुबाई तांबडं फुटायच्या आधी उठली होती. तिनं कडीचं जुनं दावं सोडायचा प्रयत्न केला. नऊ वर्षांची गाठ, सुटेना. शेवटी कोयत्यानं कापलं. दावं चुलीत घातलं, ते वाळलेलं होतं, पाणी तापेपर्यंत पुरलं. त्या पाण्यानं तिनं संस्कृतीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, नवा फ्रॉक चढवला.

वाडीभर दावी बांधायची गडबड चालली होती. दारोदार निळ्या दोऱ्या. तानाजीनं कुलूप लावलं आणि कडीकडं बघून तो थबकला. तिथं काहीच नव्हतं. लाकडाला नऊ वर्षांचा गुळगुळीत वळ पडला होता तेवढाच. रस्त्यावरून मनिषा ओरडली, "छबुकाकू, दावं बांधायचं इसरलात की!"

"न्हाई इसरले."

छबुबाईनं उंबऱ्याशेजारच्या कोनाड्यात मातीचा दिवा ठेवला, तेल घातलं, वात पुढं सारली आणि पेटवला. तेलाची बाटली तिनं ओट्यावर येऊन बसलेल्या बायनाबाईच्या हातात दिली. "रोज तिनीसांजेला. संपलं तर बंकटची भन शनवारी हितनंच शिरूरच्या बाजाराला जाती, तिला सांगा."

"मला दिसत न्हाई, म्हनतेत समदे," बायनाबाई म्हणाली.

"दिवा लावायपुरतं दिसतं तुमाला."

तानाजीनं अंगणातून विटकरीचा एक तुकडा उचलला, भिंतीपाशी गेला, आणि सरांच्या नंबराखाली आपला नंबर लिहिला. आकडे मोठे काढले, एकेक दोनदा गिरवला. मग हात झटकून ट्रॉलीत चढला आणि आईला वर घ्यायला हात पुढं केला. ती त्याचा हात धरून चढली, आणि वर आल्यावरही तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

ट्रॅक्टर वळला. भांड्यांचा खडखडाट झाला. संस्कृती गाठोड्यावर उभी राहून मागं बघत होती.

"आज्जी, दिवा तर दिसंना."

"ऊन हाय न्हव का. अंधार पडला की दिसंल."

"पन अंधार पडंस्तवर आपून लांब गेलेलं आसू. आपल्याला कसा दिसंल मग?"

छबुबाईनं तिला खाली ओढून मांडीवर घेतलं आणि वाऱ्यानं उडणारे तिचे केस कानामागं सारले.

"आपल्यासाठी न्हाई त्यो," ती म्हणाली.